तुटक्या मालावर कर नाही

४ फेब्रुवारी

खाद्यकर समितीच्या माननीय सदस्या यांस,

घाबरू नकोस, हे निवेदन नाही. निवेदन संघाच्या कागदावर वेगळं येईल, त्यावर शिक्का असेल आणि त्यातलं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं असेल. हे नुसतं पत्र आहे. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तू दर महिन्याला बाबांना गोळ्या पाठवतेस त्या पाकिटावर मागे तुझ्या ऑफिसचा पत्ता छापलेला असतो, त्यावर पाठवते आहे. तुझ्या हाताखालच्या कुणी फोडून वाचलं तर त्यांनाही नमस्कार सांग.

लिहायचं कारण एवढंच की जनसुनावणीची नोटीस आली. जास्त साखरेच्या खाण्यापिण्यावर जादा कर लावावा का, हे लोकांना विचारायला तुमची समिती पुढच्या महिन्यात आमच्या सभागृहात बसणार. खाली सदस्यांची नावं आहेत, त्यात तुझं आहे. आणि बेकरी संघातर्फे कराच्या विरोधात बोलायला मला उभं करायचं ठरलंय. अध्यक्ष म्हणाले, "भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून तुमचा गळा तयार झालाय, तुम्हीच बोला." तर मला अचानक समोर बघून तुझ्या हातातला पाण्याचा पेला सांडू नये, म्हणून आधी कळवते आहे. तुला मस्का लावण्याचा हेतू नाही. तो मी फक्त बनला लावते.

दोन वर्षं झाली आपण बोलून. टीव्हीवर तुला ऐकते, ते वेगळं. तू लागलीस की बाबा आवाज एवढा वाढवतात की समोरचा शिंपी खिडकीतून डोकावतो. मी काही बोलले की मात्र यांना ऐकू येत नाही. सोयीचं बहिरेपण आहे त्यांचं, तुला माहीतच आहे.

आता लिहायला बसलेच आहे तर मनातलं लिहून टाकते, नाहीतर सभागृहात तोंडातून निघेल. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमात तू आपल्या गेलेल्या आईचं वजन सांगितलंस. किलोमध्ये. मी फोन केला तर तू शांतपणे म्हणालीस, "ताई, मी आकडा सांगितला, आईचं नाव नाही सांगितलं." अगं, आपल्या गल्लीत नाव सांगायची गरज होती का? आठवडाभर लोक पाव घेताना माझ्याकडे बघून मान हलवायचे. पण खरं सांगू, आकडाही मी गिळला असता. तू पुढे म्हणालीस की "माझ्या आईला गोडाचा मोह आवरला नाही, कारण गोड स्वस्त होतं आणि हाताशी होतं." ते माझ्या घशाखाली आजही उतरत नाही.

आईला गोड आवडायचं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायची. ती तुटकं खायची.

तू शिकायला लवकर बाहेर पडलीस, म्हणून तुला सांगावं लागतंय. आजोबांनी घालून दिलेला नियम होता: तुटलेलं बिस्किट, करपलेला बन, केकच्या कापलेल्या कडा, काही म्हणजे काही गिऱ्हाइकाला विकायचं नाही. फुकट वाटायचंही नाही, कारण गरिबाला तुटकं देणं म्हणजे त्याला तुटका समजणं, असं त्यांचं म्हणणं. आणि अन्न टाकायचं तर नाहीच नाही. मग राहिलं कोण? घर. ट्रे गरम असताना उचलला की बिस्किटं मोडतात, आणि बाबांना घाई कायम. सगळं मोडलेलं स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात जायचं. बाबा भट्टीवर, मी काउंटरवर, तू वसतिगृहात. डबा आईसमोर. ती जेवणाऐवजी ते खायची, वर जेवायचीही. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरायचा. याला तू मोह म्हणतेस?

एवढंच. बाबा बरे आहेत. गोळ्या पोचतात. मीही ठणठणीत आहे.

आपली,
बेकरीवाली


१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

पत्राला उत्तर नाही. नसू दे, समितीची माणसं कामात असतात. काल बाबांच्या गोळ्यांचं पाकीट आलं. दर महिन्याला मी ते उलटं करून झटकते, आतला कागदही उलगडून बघते. काल जरा जास्तच झटकलं. आत गोळ्याच होत्या. बाबा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "बिल." म्हणाले, "बिल तर वर चिकटवलंय." मग आम्ही दोघांनी विषय सोडला.

दुकानात सध्या तुझ्या कराशिवाय दुसरं बोलणं नाही. समोरच्या इमारतीचा रखवालदार रोज दुपारी दोन बन आणि चहा घेतो, तेच त्याचं जेवण. परवा तो म्हणाला, "ताई, बन महाग करणार, ठीक. मग सफरचंद स्वस्त करणार का? बन सोडून मी खाऊ काय, छातीवरचा बिल्ला?" मी म्हटलं, सुनावणीला ये आणि हेच बोल. तर म्हणतो, ड्युटी सोडून कसा येऊ. बघ, ज्यांच्यासाठी सुनावणी आहे त्यांना सुट्टी नाही.

पण तुझी बाजू घेणारेही आहेत, खोटं कशाला बोलू. प्राथमिक शाळेच्या बाई ब्रेड घ्यायला येतात. त्या तावातावानं म्हणाल्या, "माझ्या वर्गातली मुलं एक जिना चढून धापा टाकतात. दप्तरात रंगीत पाण्याच्या बाटल्या. कर लावा नाहीतर काहीही करा, पण कुणीतरी काहीतरी करा." आणि ब्रेडबरोबर क्रीमरोलही घेऊन गेल्या. मी नुसतं बांधून दिलं. त्यांनाच हसू आलं.

तुझा पेपरातला लेख वाचला. दोनदा वाचला. कराचा पैसा शाळांच्या मैदानांना आणि जेवणाला द्यावा, हे चांगलं लिहिलंयस. बाकी आकड्यांनी माझं डोकं उठलं. लिहितेस मात्र छान. लहानपणी तुझ्या निबंधांना मी बाजूला बसून विषय सुचवायचे, ते कुठे लिहिलेलं नाही त्यात.

आणखी एक पात्र सांगते. थंड पेयांच्या मोठ्या कंपनीचा माणूस हल्ली संघात येतो. टाय घालतो, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणतो. आम्हां बारीकसारीक बेकरीवाल्यांचा त्याला अचानक फार कळवळा आलाय. सगळ्यांना टोप्या आणल्या, त्यावर "आमचा घास, आमची निवड" असं छापलंय. बाबा ती टोपी पीठ चाळताना घालतात. म्हणतात, केसांत पीठ जात नाही, कंपनी चांगली आहे.

उकाडा सुरू झालाय की भट्टीचा त्रास वाढलाय कोण जाणे, मला हल्ली पाणी प्यायलं तरी तहान भागत नाही. तांब्या उशाशी घेऊन झोपते आणि सारखी उठते. वय झालं.

तू रागावली आहेस की विसरली आहेस, एवढं जरी कळलं असतं तरी बरं होतं. रागावली असशील तर बरं वाटेल मला.

ताई


६ मार्च

धाकटे,

आज सहज लिहिते आहे. कणीक फुगायला ठेवली आहे, तेवढा वेळ आहे.

वरची खोली झाडून घेतली. तुझी खाट अजून तिथेच आहे, मधे तिच्यावर पिठाची पोती ठेवायला लागलो होतो, ती हलवली. गादी उन्हात टाकली. बाबा जिन्याखाली उभे राहून विचारत होते, "कोण येणार आहे?" मी म्हटलं, कुणी नाही, खोली किती घाण झाली होती. ते म्हणाले, "बरं. खिडकीची कडी ढिली आहे, घट्ट करून घे. तिला वारा सोसत नाही." आणि स्वतःच पेचकस घेऊन वर गेले. या वयात जिना चढून.

समितीची उतरायची सोय सरकारी विश्रामगृहात आहे असं पेपरात आलंय. तिथे ढेकूण आहेत. म्हणजे असतील. तू घरी उतरलीस तर कुणी आक्षेप घेईल का? कराच्या विरोधातल्या माणसाकडे राहिली म्हणून? मी तुला एकही बन खायला घालणार नाही, असं लिहून देते.

भाषणाची तयारी झाली. टायवाल्याला मी बोलता बोलता आईचं सांगून बसले. त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, "हेच बोला. तुमची आई विकतचं खातच नव्हती. मग कर असता तरी ती वाचली असती का? बाई, हे एक वाक्य आमच्या वकिलाच्या शंभर पानांना भारी आहे." त्यानं ते वाक्य लिहून दिलं, कुठे थांबायचं तिथे रेघ मारून दिली. मुद्दा माझाच आहे, खराही आहे, पण त्याच्या तोंडून ऐकल्यापासून तो मला उष्टा वाटतोय. तरीही बोलणार आहे. तू टीव्हीवर सांगितलेली आई सगळ्या देशानं ऐकली. माझी आई निदान गावानं तरी ऐकू दे.

बाबांसमोर भाषण म्हणून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कर लागू दे नाहीतर न लागू दे. ती घरी येणार का, ते कुणी विचारणार आहे का तिथे?" मी म्हटलं, ते सुनावणीच्या विषयात नाही.

मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं आहे, म्हणून शाई फिसकटली. तू समोर बसून माझ्या चुका काढाव्यात, मी तुला शिष्ट म्हणावं, आणि मग दोघींनी त्या शिंप्याच्या बायकोबद्दल बोलावं, एवढंच मला हवंय. भांडण आहे ते राहू दे बाजूला. पण भांडायलाही माणूस समोर लागतं.

नवीन चप्पल घ्यावी लागली, रुंद पट्ट्याची. जुनी अंगठ्याला चावत होती, तिथे थोडं लागलंय, भरत येईल. चष्म्याचा नंबरही पुन्हा बदलला. चष्मेवाला म्हणतो इतक्या लवकर बदलत नसतो, पण त्याला चष्मे विकायचेत.

समोर भेटूच.

ताई


१५ मार्च

धाकटे,

काल तू जे केलंस त्याबद्दल मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे, हे आधी लिहिते. मग बाकीचं.

सभागृह भरलं होतं. बेकरीवाले एका बाजूला टोप्या घालून, शाळेच्या बाई आणि त्यांची माणसं दुसऱ्या बाजूला, पहिल्या रांगेत टायवाला. तू व्यासपीठावर आलीस तेव्हा मी तुला बघितलं. वाळली आहेस. केस पांढरे झालेत कडेला, रंगवत नाहीस हे बरं करतेस. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि कागदात डोकं घातलंस. मला वाटलं, गेली माझी पत्रं कचऱ्यात.

माझं नाव पुकारलं. मी बोलले. बरं बोलले असं लोक म्हणतात. रखवालदाराच्या सफरचंदाचं बोलले, त्याला दोन्ही बाजूंनी टाळ्या मिळाल्या. मग आईचं बोलले. "तुम्ही विकलेल्या मालावर कर लावणार. माझी आई विकलेलं कधी खातच नव्हती. तुटक्या मालावर कर नाही." रेघ होती तिथे थांबले. टाळ्या झाल्या. टायवाल्यानं अंगठा वर केला.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, सदस्यांपैकी कुणाला प्रश्न आहे का. तू हात वर केलास.

"आपल्या बेकरीत तुटलेल्या मालाचं प्रमाण साधारण किती असतं?"

आपण. मला आपण म्हणालीस. तुला कडेवर घेऊन मी ट्रे मोजायला शिकवले आणि तू मला आपण म्हणालीस. मी म्हटलं, घाईवर अवलंबून असतं.

"तो माल अजूनही विकला जात नाही?"

"नाही."

"कुणाला दिलाही जात नाही?"

"नाही. घरात संपतो."

तू चष्मा काढलास. माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली बघितलंस, माझ्या पायाकडे, त्या रुंद चपलेकडे, बँडेजकडे. बराच वेळ. मला वाटलं प्रश्न संपले. आणि मग तू माइक तसाच चालू ठेवून विचारलंस,

"मग आता कोण खातं, ताई?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मला एवढंच ऐकू आलं की तू ताई म्हणालीस. आणि दुसऱ्याच क्षणी प्रश्न कळला. मी कागद उचलला आणि खाली उतरले, रांगेतून, दारातून, सरळ रस्त्यावर. मागे अध्यक्ष पुढचं नाव पुकारत होते. तू उठून उभी राहिलीस असं शाळेच्या बाई सांगतात. मी वळून बघितलं नाही.

संघाचे लोक नाराज आहेत. टायवाला म्हणाला, शेवटी तेवढं उत्तर द्यायचं होतं, सगळं बोलणं पाण्यात गेलं. मी त्याला त्याच्या टोप्या परत दिल्या. बाबांची मात्र राहिली.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. बराच वेळ वाजला. मग थांबून परत वाजला. तूच असणार. मी उचलला नाही. हाताला पीठ होतं, असं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आज तर आपण दुकान उघडलंच नाही." त्यांना या वेळी सगळं नीट ऐकू येत होतं. ते स्वतः उठून फोनपर्यंत जाईस्तोवर तो थांबला.

दोन वर्षं ज्या आवाजासाठी पाकिटं झटकली, तो दोन हातांवर वाजत होता आणि मी तशीच उभी. कारण तू फोनवर तेच विचारलं असतंस.

ताई


२३ मार्च

धाकटे,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी खाते.

आई गेल्यानंतर डबा माझ्यासमोर आला. कुणी ठेवला नाही, तो आपोआप आला. बाबांना दात नाहीत आणि त्यांच्या गोळ्यांना ते चालत नाही. दुसरं आहे कोण? पहिल्या दिवशी मी आईसारखीच उभ्यानं, ओट्याशी खाल्लं. मला वाटायचं, मला काय होणार, मी तर काडी. काडीच होते मी, तुला आठवतंय ना, सगळे तुला गुबगुबीत म्हणून चिडवायचे आणि मला कुणी काही बोलायचं नाही. तुझ्या लेखात लठ्ठ माणसांची चित्रं असतात. काडीचं कुणी काढत नाही, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

दवाखान्यात जाऊन आले. तुझ्या प्रश्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात गेले, हे तुझ्या समितीच्या अहवालात लिहायला हरकत नाही. अंगठ्याची जखम आताची नाही, ती तीन महिन्यांची आहे. साखरेचा आकडा तुला लिहीत नाही, कारण आकडे सांगू नयेत असं मीच तुला बजावलं होतं. आलीस की कागद दाखवते. डॉक्टरांनी डोळेही तपासायला सांगितलेत. पायाचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आता हयगय केली तर अंगठा जाईल, आणि मग तिथेच थांबेल असं नाही. तुझ्यापासून लपवायचं होतं. तीन पत्रांत लपवलं असं मला वाटत होतं. तू ते तहानेवरून आणि चपलेवरून ओळखलंस, म्हणजे पत्रं नीट वाचलीस. हे कळल्यावर मी दुकानात पोत्यावर बसून रडले. बाबा बाजूला बसून राहिले.

कराचं तुम्ही काय ते ठरवा. रखवालदाराचं सफरचंद विसरू नकोस एवढंच. मी आता कुठल्याच बाजूनं बोलणार नाही. आईला मोह नव्हता, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण ती हौसेनं खायची नाही म्हणून तिला कमी बाधलं, असंही काही झालं नाही.

आता माझी अडचण ऐक. दवाखान्यातून आल्यापासून मी तुटक्याला तोंड लावलेलं नाही. पण भट्टी चालू आहे, बाबांची घाई चालू आहे, माल मोडतोच. डबा भरला, मग एक ट्रे भरला, आता दुसराही भरत आलाय. काल तो ट्रे घेऊन मागच्या दारी कचऱ्याच्या पेटीपाशी गेले. झाकण उघडलं. उभी राहिले. शिंप्याची बायको गच्चीवरून बघत होती. आणि माझा हात पुढे जाईना. ट्रे घेऊन परत आत आले. आज सकाळी पुन्हा तेच. हसशील तू. एवढी मोठी बाई, बिस्किटं टाकता येत नाहीत. आजोबांनी घातलेला नियम आहे, बाबांनी पाळला, आईनं तो अंगावर घेतला, आणि तो मोडायची वेळ आली तर मला आई तिथे ओट्याशी उभी दिसते. बाबांना विचारलं, टाकू का? म्हणाले, "तिला विचार."

म्हणून विचारते आहे. फोन आला तर उचलीन, पण फोनवर हे होणार नाही. तू ये. गोळ्या पोस्टानं पाठवू नकोस या महिन्यात, हातानं आण. तपासायचं तर तपास, रागव, माझा कागद बघून डोक्याला हात लाव. खोली तयार आहे. पण आधी मागच्या दारी माझ्याबरोबर येऊन उभी राहा.

पहिली मूठ तू टाक. मग माझा हात वळेल.

ताई